खलनायकाचं लहानपण

आमचे मुकादम पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायचे. वाचायचे म्हणजे बघायचे, कारण त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. मलाही नाही, शेठलाही नाही. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या त्या गोडाऊनात जपानी येणारं कोण असणार होतं, सांगा.

गोडाऊन रद्दीचं. परदेशातली रद्दी गाठी बांधून बंदरावरून ट्रकनं यायची. गाठ म्हणजे पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेला, छातीइतका उंच ठोकळा. पट्ट्या कापल्या की तो फस्सकन सुटायचा आणि आतून कुणाकुणाची बिलं, पाकिटं, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या बाहेर पडायच्या. पंधरा-वीस बाया नाकाला फडकी बांधून बसायच्या. पांढरा कागद इकडे, रंगीत तिकडे, पिना डब्यात. निवडलेला माल लगद्यासाठी बदलापूरच्या एका गिरणीत जायचा. मी चलनं लिहायचो. मुकादम बायांवर आणि कागदावर देखरेख करायचे, त्यातही कागदावर जास्त. डोळे मिटून कागद टराटरा फाडायचे आणि आवाजावरून त्याची जात सांगायचे. मी मुद्दाम फसवायला जायचो. पठ्ठ्या एकदाही फसला नाही.

अशा गाठींतून अधूनमधून जपानी चित्रकथांचे साप्ताहिक अंक निघायचे. विटेएवढे जाड, फिक्या गुलाबी नाहीतर हिरवट कागदावर छापलेले. त्याला मांगा म्हणतात हे माझ्या मुलीनं मला पुढे किती वर्षांनी सांगितलं. तेव्हा आम्ही त्याला 'मुकादमांचं पुस्तक' म्हणायचो. अंक दिसला की सोनिवलीची शेवंताबाई तिथूनच हाक मारायची, "मुकादम, तुमचा वाण आला बगा!" मुकादम हातातलं टाकून धावायचे.

शेठ हसायचे. "साईं, ये तो लगदे में जाएगा. उल्टा पकड़ के क्या देखते हो?"

"शेठ, माल आपका. फोटू मेरा," मुकादम म्हणायचे आणि अंक शर्टाच्या आत सारायचे.

तरुणपणी ते कॅम्पात नंबरप्लेटा रंगवायचे, म्हणून हाताला वळण होतं. अंगात कायम पांढरा शर्ट, रद्दीच्या धुळीत! दुपारपर्यंत त्याचा रंग मातकट व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढराच. जेवताना डाव्या हातानं पान उलटायचे, उजवा बरबटलेला म्हणून. आणि माझ्यासमोर अंक धरून विचारायचे, "काय क्लार्कसाहेब, ह्याचं तोंड बघा. काय केलं असेल ह्यानं?"

नायकात त्यांना काडीचा रस नव्हता. "तो काय, पहिल्या दिवशी तसाच शेवटी. केस तेवढे जास्त उभे." त्यांचा सगळा जीव खलनायकात. प्रत्येक अंकातलं त्याचं तोंड ब्लेडनं कापायचं, जाड पुठ्ठ्याच्या वहीत खळीनं चिकटवायचं. अंक काही ओळीनं यायचे नाहीत. आज एक, मग चार महिन्यांनी त्याच्या पुढचा आठवा. तिथं वहीत अर्धं पान कोरं सोडून बारीक अक्षरात लिहायचे, 'मधले अंक नाहीत.' आणि मग पुढचं तोंड बघून मधल्या अंकांत काय झालं असेल ते आम्हाला सांगायचे. एकदा म्हणाले, "ह्याची आई गेली मधल्या मधे. बघा, खालचा ओठ सैल सुटलाय." आम्ही हसलो. दीड वर्षानं गाठीतून मधला अंक निघाला. त्यात म्हातारी चटईवर पालथी पडलेली आणि हा उंबऱ्यात उभा. शेवंताबाईनं अंगावर काटा आला म्हणून दंड दाखवला.

त्यांचा सगळ्यात लाडका एक होता, त्याचं नाव ठेवलं होतं जबड्या. आला तेव्हा नुसता जबडाच होता. डोळ्यांत बुबुळं नाहीत, तोंडावर सावली, दात करवतीचे. गावं जाळायचा. मग वर्षभरानं जबड्या एका चित्रात भात खाताना दिसला. मुकादमांनी ते चित्र सगळ्या बायांना फिरवून दाखवलं. "आता गडबड सुरू. लेखकानं ह्याला जेवायला घातलं." पुढे जबड्याचा जबडा उतरू लागला. नाक सरळ झालं. डोळ्यांत आधी ठिपका आला, मग बुबुळ, मग पापण्या. एकदा तो पाठमोरा, एकटा, पाण्याकडे बघत बसलेला. मुकादम म्हणाले, "पाठ दाखवली की वाईट वाटायला लागतं. तोंडाचा राग येतो, पाठीचा येत नाही." आणि एका मंगळवारी त्यांनी अंक धाडकन माझ्या टेबलावर आपटला.

"फितला! लेखक फितूर झाला!"

मी बघितलं. बर्फात एक लहान पोर उभं. अंगात मोठ्या माणसाचा कोट, पायात काही नाही. हनुवटीवरून ओळखू येत होतं, जबड्याच.

"लहानपण आलं," मुकादम म्हणाले. "आता ह्याला मारता येत नाही. लिहून ठेवा."

मी म्हटलं, "वाचकांची पत्रं येत असतील, ह्याला वाचवा म्हणून."

"येत असतील. पण ते कारण नाही." मुकादम माझ्यासमोर स्टुलावर बसले. "खलनायक कोण आहे ते पहिल्या दिवशी लेखकालाच ठाऊक नसतं. त्याला फक्त जबडा ठाऊक असतो. मग दर आठवड्याला तेच तोंड काढायचं, वर्षानुवर्षं. बायकोपेक्षा जास्त वेळ त्या तोंडासमोर बसायचं. लळा लागणारच की हो! दर आठवड्याला भेटणाऱ्या माणसाचा राग धरायला कलेजा लागतो."

पुढे जबड्या नायकाला वाचवताना मेला. बायांनी हळहळ केली. जाळलेल्या गावांचं काय, एवढंच मुकादम दोन दिवस पुन्हा पुन्हा विचारत होते. ते लोक कुणी काढायचे?

त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता. बदलापूरला दोन खोल्यांत मुकादम, काकू आणि ती अशी तिघं राहायची. पोरगी बारावी झालेली, शांत, बापासारखीच कागदाला हात लावून बघायची सवय. मी अंबरनाथला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, आणि शेजारच्या दारात नितीन. फॅक्टरीत कायम नोकरी, घरात आई, स्वतःचा ब्लॉक, आपल्याच समाजातला. मी मुकादमांना म्हटलं, "पोरगा माझ्या डोळ्यांसमोरचा आहे." हे माझे शब्द. बुद्धविहारात लग्न झालं, मी मधला माणूस म्हणून मला टोपी आणि उपरणं मिळालं. मुकादम त्या दिवशी नितीनकडे एकटक बघत होते. मला म्हणाले, "तोंड चांगलं आहे. नीट रेखलेलं आहे." मी म्हटलं, "अहो मुकादम, जावई आहे तो, मासिक नाही!" दोघंही हसलो.

दीड वर्षात सुजाता गेली. गच्चीवरून पडली, असं नितीन म्हणाला. त्या दिवसांत लोडशेडिंग होतं, संध्याकाळी सात ते साडेआठ आमच्याकडे अंधार. शेजारी आधीपासून आवाज येत असायचे, ते मी मुकादमांना सांगितले नव्हते. संसारात भांड्याला भांडं लागतं म्हणून सोडून दिलं होतं. हॉस्पिटलच्या पायरीवर मात्र मी सांगितलं. जिन्यात खडबड झाली म्हणून मी दार उघडलं, हातात मेणबत्ती होती. नितीन तिला मनगटाला धरून वर ओढत होता. मेणबत्तीच्या उजेडात दोघांचे चेहरे मला स्वच्छ दिसले.

मुकादमांनी विचारलं, "मग?"

"मग काय. मग थोड्या वेळानं खाली आवाज आला."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, दुःखानं.

हेच मी पोलिसांच्या जबाबात सांगितलं. मेणबत्तीसकट. पाहणारा मी एकटाच, केस माझ्यावर उभी राहिली. नितीन चार-पाच महिन्यांनी जामिनावर सुटून पुन्हा माझ्या शेजारच्या दारात राहायला आला. केस सुरू व्हायलाच वर्षं गेली. तारीख, तारीख, तारीख. मुकादम प्रत्येक तारखेला कल्याणच्या कोर्टात जायचे, पांढऱ्या शर्टात, वही काखोटीला मारून. जपानी तोंडं चिकटवणं त्यांनी बंद केलं होतं. गाठीतून अंक निघाला तर शेवंताबाई गुपचूप लगद्याच्या ढिगात टाकायची. आता वहीत ते स्वतः पेन्सिलीनं नितीनला काढायचे. एका तारखेला एक चित्र.

दुसऱ्या दिवशी मला दाखवायचे. "बघा क्लार्कसाहेब, आज दाढी केली. बघा, वकिलानं चष्मा दिला." एकदा म्हणाले, "आज आईला हाताला धरून आणली. बाकावर बसून तिला बिस्किट भरवत होता. जेवण झालं, आता पाठ दाखवेल." हसायला यावं असं काही नव्हतं, पण ते हसायचे आणि मला ते ऐकवत नसे. चष्मा काढायचे, आई काढायचे, बिस्किटसुद्धा काढायचे. नितीनचा चेहरा मात्र लग्नातला होता तोच, तसूभर हललेला नाही. "मी नाही फितणार," म्हणायचे. "माझ्या हातून ह्याचं लहानपण निघणार नाही. आणि तुम्ही आहात."

तुम्ही आहात. हे दर तारखेला ऐकायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. तिथं नितीन.

सुरुवातीला मी त्याच्याकडे बघत नसे. मग जिन्यात दिसायचाच, रोज. बघितल्याशिवाय कसं चालेल, जिना एकच. आमचा नळ गेला, पाना त्याच्याकडे होता. माझ्या मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला त्याची आई जायला लागली, कारण आम्ही दोघंही कामावर. तो खिडकीत एकटा पाठमोरा उभा असायचा, तासन्‌तास. माझी बायको म्हणायची, "झाली असेल चूक रागाच्या भरात. माणूस वाईट नाही हो." मी तिला गप्प बस म्हणायचो. मग एका दुपारी माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली. मी गोडाऊनात. नितीननं त्यांना पाठीवर घेऊन तीन जिने उतरवले, रिक्षात घातलं, मी पोचेपर्यंत त्यांचे पाय चोळत बसला होता. वडील वाचले. पुढे तो त्यांच्यापाशी येऊन बसायचा आणि त्याचा बाप त्याला पट्ट्यानं कसा मारायचा, न्हाणीत कसा कोंडायचा ते सांगायचा. मी आतल्या खोलीतून ऐकायचो. लहानपण आलं, हे मला कळत होतं. देवाशपथ कळत होतं! मुकादमांनी इतक्या वेळा शिकवलं होतं. कळूनही उपयोग झाला नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी तो काही बोलला नाही, धमकी नाही, विनवणी नाही. दिली असती धमकी तर बरं झालं असतं. मी त्याच्यावर उलटलो तरी असतो.

कोर्टात मी सांगितलं, लाइट नव्हती. जिन्यात कुणीतरी होतं, तोंड दिसलं नाही. सरकारी वकिलांनी माझा जबाब वाचून दाखवला. मेणबत्तीचं विचारलं. मी म्हटलं, मेणबत्तीचं मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी न्यायाधीशांकडे वळून मला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली. तो शब्द मी गोडाऊनात किती हसत हसत ऐकला होता.

बाहेर मुकादम पायरीवर उभे होते. मला वाटलं, कानफटात देतील. द्यायला पाहिजे होती. ते जवळ आले आणि अगदी हळू विचारलं, "मेणबत्ती कुठे ठेवलीत, क्लार्कसाहेब?"

मी पायऱ्या उतरून निघालो. नितीन सुटला.

मला वाटलं, मुकादम आता कामावर येणार नाहीत. आले, दुसऱ्याच दिवशी. शर्ट पांढरा. मी नोकरी सोडायची म्हणत होतो, पण सोडून जाऊ कुठे? ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे आणि 'क्लार्कसाहेब'चं नुसतं 'साहेब' झालं. जेवायला मात्र समोरच बसायचे. डबा उघडा, वही मांडीवर, पेन्सिल चालू. काय काढताय विचारायची माझी छाती झाली नाही. शेवंताबाई माझ्या टेबलावरून जाताना थुंकायची, खाली, पण मला दिसेल असं. एकदा मुकादमांनीच तिला हटकलं. "नको बाई. त्यालाही घरदार आहे."

असं वर्षभर चाललं. मग ते गेले. काही नाटक नाही. सकाळी गाठीच्या पट्ट्या कापत होते, खाली बसले आणि तिथंच कागदात कलंडले. बायांनी फडकी सोडून वारा घातला. नाकातोंडात रद्दीची धूळ, शर्ट अजून स्वच्छ.

तेराव्या-चौदाव्या दिवशी मी बदलापूरला गेलो. काकू मला घरात घेणार नाहीत अशी तयारी ठेवूनच. त्यांनी घेतलं नाही. दारातच वही हातात दिली. "त्यांनी सांगून ठेवलं होतं, ही तुमच्याकडे जाऊ दे. मला विचाराल तर मी चुलीत घातली असती." वहीला दोरी बांधलेली होती आणि दोरीत ती आखूड पेन्सिल खोचलेली.

आठ दिवस मी ती उघडली नाही. उघडली तर आधी जबड्या, मग बाकीचे जपानी, मग नितीन. नितीन, नितीन, नितीन, तारखांसकट. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवा, फरक सापडणार नाही. मग एक पान उलटलं आणि समोर मी.

बुबुळं नाहीत. तोंडावर सावली. मला जबडा कधी नव्हता, पण त्यांनी दिला होता आणि शोभतही होता. खाली माझ्या साक्षीची तारीख. पुढच्या पानावर पुन्हा मी, तसाच. अशी बरीच पानं. मग एका पानावर मी डबा खातोय. घास हातात, मान खाली. ते बघितलं आणि पुढे काय येणार ते मला कळलं. मी पाठमोरा, पिशवी घेऊन गोडाऊनच्या फाटकातून जाताना. मग डोळ्यांत ठिपका. मग माझा हात धरून चालणारी माझी मुलगी, तिला त्यांनी एकदाच बघितलं होतं. मधे एक कोरं अर्धं पान आणि बारीक अक्षर, 'मधले अंक नाहीत.'

आणि शेवटच्या पानावर मी सात-आठ वर्षांचा. मला त्या वयात त्यांनी पाहिलेलं नाही, माझा एक फोटोही नाही तेव्हाचा. हाफचड्डी, कान मोठे, अर्ध्या उघड्या दारात उभा. उजव्या हातात मेणबत्ती, ज्योतीचा उजेड हनुवटीवर. पोरगं भ्यालेलं आहे. आणि डावा हात दाराच्या कडीवर. दार लावून घेतोय.

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, कोर्टात नाही, बायकोलाही नाही. हॉस्पिटलच्या पायरीवर त्यांनी 'मग?' विचारलं होतं, मी थोड्या वेळानं आवाज आला म्हटलं होतं आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले होते. मधला अंक त्यांनी तिथंच वाचला होता. त्यानंतर पाच वर्षं मला चहा पाजला, 'तुम्ही आहात' म्हणाले.

बायको म्हणते, त्यांनी माफ केलं तुम्हाला, देवमाणूस होता. मला तसं वाटत नाही. रोज दुपारी समोर बसून माझं तोंड बघावं लागलं त्यांना, दुसरं काय? नितीनपुढे जो माणूस शेवटपर्यंत वाकला नाही, तो माझ्यापायी वाकला. एवढंही मी त्यांचं राहू दिलं नाही.

पोराच्या समोर, जिथं जिना असायला हवा, तिथं त्यांनी काही काढलेलं नाही. पानाचा तो भाग कोरा आहे. मला चित्र काढता येत नाही, म्हणून त्यांच्याच पेन्सिलीनं तिथं लिहून ठेवलंय, तेच इथं देतो. नितीननं सुजाताचं मनगट धरलं होतं. तिची एक चप्पल खालच्या पायरीवर राहिली होती. मेणबत्तीचा उजेड दोघांच्या तोंडावर होता आणि मी दोघांना ओळखलं. नितीन म्हणाला, "काही नाही दादा, गच्चीवर वाऱ्याला चाललोय." सुजातानं माझ्याकडे बघून "दादा" म्हटलं. वरून वारा येत होता. मेणबत्ती विझेल म्हणून मी दार लावून घेतलं.